योग साधला, आता क्षेम सांभाळावे

आश्विन शुद्ध नवमी उजाडली की पुणे शहराचे रूप पालटते. मंडईत झेंडूच्या राशी पडतात, चतुःशृंगीच्या पायथ्याशी यात्रेची गर्दी लोटते, आणि पेठांतील जुन्या वाड्यांच्या अंगणांपासून उपनगरांतील सोसायट्यांच्या वाहनतळांपर्यंत सर्वत्र एकच लगबग दिसते. ती म्हणजे गाडी धुण्याची. खंडेनवमीला ज्याने त्याने आपल्या उपजीविकेचे साधन पूजावे, ही आपली परंपरा. क्षत्रियाने खंडा पूजला, सुताराने रंधा, शेतकऱ्याने नांगर आणि पंडिताने पोथी. आजच्या गृहस्थाने त्या मालिकेत आपली मोटार बसविली, यात विसंगत असे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त साधून नवी गाडी दारात आणणाऱ्यांची रीघ लागते. हार, कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढे नारळ! सोहळा पाहून मन प्रसन्न होते.

परंतु या पूजेचा मूळ आशय काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. पावसाळ्यात नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या आणि वैरणीची अडचण. त्यामुळे मराठ्यांच्या स्वाऱ्या चातुर्मासात थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघत. चार महिने दमट हवेत पडून राहिलेल्या शस्त्राला गंज चढतो, मूठ सैल होते, म्यान फुगते. असे शस्त्र घेऊन रणात जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून शस्त्र बाहेर काढावे, पुसावे, त्याची धार पाहावी आणि मग त्यावर गंधाक्षता वाहाव्यात, हा क्रम स्वाभाविक होता. पाहणी आधी आणि पूजन नंतर. कालौघात पूजन राहिले आणि पाहणी मात्र गळून पडली. गाडीच्या बाबतीत तर ती जवळजवळ पूर्णच गळाली आहे. वरून चकचकीत झालेल्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले आहेत काय, हे पाहण्यास त्या दिवशीही कोणी खाली वाकत नाही.

शब्दांनी सांगितलेला अर्थ

संस्कृत भाषेचा एक गुण असा की तिचे शब्द आपला इतिहास स्वतःच सांगतात. ‘वाहन’ हा शब्द ‘वह्’ या धातूपासून आला. वाहून नेते ते वाहन. ज्याच्या अंगावर आपण आपला, पत्नीचा, मुलांचा आणि वृद्ध आईवडिलांचा भार निःशंकपणे टाकतो, ते वाहन. ‘परीक्षा’ म्हणजे ‘परि’ अधिक ‘ईक्षा’, अर्थात चहूबाजूंनी पाहणे. समोरून एक कटाक्ष टाकणे ही परीक्षा नव्हे. ज्याला आपण गाडीचे ‘योग्यता प्रमाणपत्र’ म्हणतो, त्यातील ‘योग्य’ हा शब्दही मोठा बोलका आहे. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. जो जुंपण्यास समर्थ तो योग्य, आणि संस्कृतात गाडीला जुंपावयाच्या जनावरालाही ‘योग्य’ असेच म्हटले आहे. म्हणजे योग्यता ही मुळातच वाहनाच्या संदर्भातील कल्पना आहे.

याच कुळातील आणखी एक शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे, तो म्हणजे ‘योगक्षेम’. आपल्या आचार्यांनी त्याची फोड केली आहे. जे नव्हते ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण करणे हे क्षेम. दसऱ्याला गाडी घरी येते, तो योग झाला. पुढे ती दहापंधरा वर्षे आपणास सुखरूप नेते आणि आणते, ते क्षेम. योगासाठी आपण कर्ज काढतो, मुहूर्त पाहतो, पेढे वाटतो. क्षेमासाठी काय करतो? पुष्कळांचे उत्तर येईल, ‘विमा उतरविला आहे.’ आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतील मुख्य कचेरीच्या इमारतीचे नावच ‘योगक्षेम’ आहे, हे खरे. पण कोणताही विमा झालेल्या हानीची भरपाई देतो. हानी होऊ न देणे हे क्षेमाचे पहिले पाऊल आहे, आणि ते पाऊल मालकालाच टाकावे लागते.

रथाची एक खीळ

कीर्तनात कैकेयीची कथा नेहमी येते. वाल्मीकींच्या वर्णनानुसार तिने रणांगणात मूर्च्छित झालेल्या दशरथाला सुरक्षित स्थळी नेले. अध्यात्मरामायणात हीच कथा निराळ्या रूपात आहे. देवदानवांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ तुटून पडली. युद्धात गढलेल्या राजाला त्याचा पत्ताही लागला नाही. कैकेयीने खिळीच्या जागी स्वतःचा हात घालून रथ सावरला. संतुष्ट झालेल्या राजाने तिला दोन वर देऊ केले. पुढे त्या दोन वरांतून रामाचा वनवास आणि दशरथाचा अंत कसा उद्भवला, हे घरोघरी ठाऊक आहे.

श्रोते या कथेत कैकेयीचे धैर्य पाहतात आणि ते योग्यच आहे. पण या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एवढ्या बलाढ्य सम्राटाचा रथ थांबला असता तो शत्रूच्या अस्त्राने नव्हे, तर एका खिळीने. ती सैल होत आली असेल तेव्हा कोणीतरी हात लावून पाहिली असती, तर ना हात घालावा लागता, ना वर द्यावे लागते. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘रथाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. देवरथ, पुष्यरथ, सांग्रामिक इत्यादी सहा प्रकारचे रथ करविणे, त्यांच्या उपकरणांची मांडणी जाणणे, सारथी आणि घोडे यांच्या योजनेची माहिती ठेवणे ही त्याची कामे. राज्यकर्त्याला रथाचा ताबा देऊन भागत नाही, त्यावर लक्ष ठेवणारा नेमावा लागतो, हे त्या काळीही उमगले होते.

पंधरा वर्षे विचारणारे कोणी नाही

आजचे रथाध्यक्ष म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालय, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यानुसार रिक्षा, टॅक्सी, ट्रक, बस अशा व्यावसायिक वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. रिक्षाचालक ज्याला ‘पासिंग’ म्हणतात तेच हे. वाहनाची पहिली आठ वर्षे ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ही तपासणी नीट व्हावी म्हणून पुण्यातीलच एका नागरिकाने जनहित याचिका केली होती. ब्रेकची चाचणी २५० मीटर लांबीच्या स्वतंत्र मार्गावर झाली पाहिजे, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या प्रकरणात धरला. पुणे कार्यालयाची अशी चाचणी दिवे येथे होते. ज्या दिवे घाटात माऊलींच्या रथाला आषाढीच्या वाटचालीत जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, त्याच परिसरात ट्रकांच्या ब्रेकची परीक्षा व्हावी, हा मोठा अर्थपूर्ण योगायोग म्हटला पाहिजे.

पण आपल्या घरच्या खासगी मोटारीचे काय? तिची नोंदणी एकदा झाली की ती पंधरा वर्षे चालते. या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक, सुकाणू, टायर किंवा दिवे शाबूत आहेत काय, हे नेमाने तपासण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. पंधरा वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी गाडी दाखवावी लागते आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. मधल्या काळात पीयूसी प्रमाणपत्र तेवढे लागते. नव्या गाडीला पहिल्या वर्षी त्यातून सूट आहे. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी ते घ्यावे लागते. परंतु पीयूसी पाहते ती फक्त धुराकडे. गाडी धूर किती सोडते हे तिला कळते, गाडी थांबते की नाही हे कळत नाही.

दुसरी एक समजूत अशी की आपली गाडी कारखान्यातूनच तपासून आली आहे. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. पुणेकर तर त्या टेकडीलाच ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात. मोटारींची नवी मॉडेले बाजारात येण्यापूर्वी त्यांची परीक्षा अशा संस्थांत होते. पण ती परीक्षा मॉडेलची असते, तुमच्या दारातील सहा वर्षे वापरलेल्या गाडीची नव्हे. जन्माच्या वेळी बाळ निरोगी होते, एवढ्यावर चाळिशीतील माणसाने रक्तदाब न मोजणे शहाणपणाचे ठरेल काय?

परदेशांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. जर्मनीत १८६५ मध्ये मानहाइम येथील एका मद्यनिर्मिती कारखान्यात वाफेचा बाष्पक फुटला आणि पुढील वर्षी तेथील बाष्पकमालकांनी स्वतःच तपासणीसंघ काढला. आज जर्मनीत मोटारींची तपासणी करणाऱ्या संस्थांची परंपरा त्या संघापर्यंत मागे जाते. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची परीक्षा सुरू झाली. तेव्हा नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की १९६१ मध्येच ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. त्या प्रत्येक गाडीचा मालक आपली गाडी ठणठणीत आहे असेच समजत होता! जपानमध्येही नव्या खासगी गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे ही सक्ती नाही, म्हणून जबाबदारी टळली असे नव्हे. विचारणारा कोणी नाही, तेव्हा स्वतःच स्वतःला विचारावे लागते.

दोष दिसत नाहीत, साचतात

‘गाडी तर उत्तम चालते, मग तपासायचे काय?’ हा प्रश्न सर्वत्र ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की गाडीतील घातक दोष ती चालताना कळत नाहीत. ते कळतात गाडी थांबवताना किंवा वळविताना, आणि तेही नेमक्या आणीबाणीच्या क्षणी.

ब्रेक ऑइलचे उदाहरण घ्या. हे द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. शहरातील सपाट रस्त्यावर याचा मागमूसही लागत नाही. पण सिंहगडावरून किंवा ताम्हिणी घाटातून उतरताना ब्रेक वारंवार दाबला जातो, उष्णता वाढते, द्रव उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. म्हणून सामान्यतः दोन वर्षांनी हे द्रव बदलावे असे सांगतात. खर्च किरकोळ आहे, दुर्लक्षाचा दंड मात्र प्राणांतिक होऊ शकतो.

ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने वीसपेक्षा अधिक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आले होते. इंजिन बंद झाले की ब्रेकचे बळ सरते, हे मोठ्या गाडीला लागू आहे तसेच छोट्या मोटारीलाही लागू आहे. आपल्या गाडीची ही यंत्रणा शाबूत आहे काय, हे घरच्या घरी पाहता येते. इंजिन बंद असताना ब्रेक पाचसहा वेळा दाबावा, मग तो दाबून धरून इंजिन सुरू करावे. पायाखालील पट्टी किंचित खाली सरकली तर यंत्रणा चालू आहे. जागची हलली नाही तर गाडी गॅरेजमध्ये दाखवावी.

टायरची गोष्टही अशीच. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. खाचांतूनच पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते. त्या नसल्या की चाक रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून घसरते. उन्हाळ्यात कमी हवेचा टायर अधिक वाकतो, वाकण्याने तापतो, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सुमारे ९४ किलोमीटरच्या सलग, वेगवान रस्त्यावर फुटण्याचा धोका वाढतो. हवेचा दाब किती असावा, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, आणि तो टायर थंड असतानाच मोजावयाचा असतो. टायरच्या अंगावर चार अंकही कोरलेले असतात. २३२२ असे असेल, तर तो २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. जुनी गाडी घेणाऱ्याने हे अंक अवश्य वाचावेत.

पुण्यात सीएनजीवर धावणाऱ्या मोटारी पुष्कळ आहेत. त्यांच्या टाकीत वायू सुमारे २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेला असतो. ही टाकी दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रातून तपासून घेणे बंधनकारक आहे. पाठीमागे घरची मुले बसतात आणि त्यांच्या पाठीशी ही टाकी असते, एवढे ध्यानात घेतले तरी या तपासणीचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

वर्षाचे तीन सण, तीन पाहण्या

आपल्याकडे पंचांग आहे, आणि पंचांग विसरभोळ्या माणसासाठीच असते. गाडीच्या पाहणीलाही त्यात तीन जागा द्याव्यात. गुढीपाडव्याला उन्हाळा तोंडावर असतो. तेव्हा टायर, कूलंट, पंखा आणि बॅटरी पाहावी. कूलंटचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावाचून उघडू नये. वटपौर्णिमेच्या सुमारास पावसाळा येऊन ठेपतो. तेव्हा वायपरचे रबर, दिवे, काचेचे पाणी आणि पुन्हा टायरच्या खाचा पाहाव्यात. आणि दसऱ्याला, चार महिन्यांच्या चिखलपाण्यानंतर, ब्रेकच्या तबकड्यांवरील गंज, हातब्रेक, गाडीच्या तळाचा पत्रा, दाराचे सांधे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांची पाहणी करावी. महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाडीला हे अधिकच लागू आहे. निवृत्त गृहस्थांच्या घरी गाडी फारशी फिरत नाही, म्हणून ती नवी राहते असे नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात आणि ब्रेक गंजाने धरून बसतात.

सर्व्हिसिंग आणि तपासणी यांतला भेदही ओळखावा. सर्व्हिसिंगमध्ये तेल बदलले जाते, गाळण्या बदलल्या जातात, गाडी धुतली जाते. तपासणीत प्रश्न विचारले जातात. ब्रेकचे पॅड किती उरले? सुकाणूत खेळ आहे काय? गाडीखाली कोठे गळती आहे? मालकाने हे प्रश्न विचारावेत, उत्तरे एका वहीत किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवावीत आणि बदललेला जुना भाग दाखविण्यास सांगावे. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नांनी रागावत नाही. विचारणारे यजमान त्याला आवडतात. गाडी चालताना नवा आवाज येऊ लागला, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा समोर लाल दिवा पेटला, तर मात्र सणाची वाट पाहू नये.

आणि रोजच्या रोज? त्यासाठी आपल्याच परंपरेत उत्तम विधी आहे, तो म्हणजे प्रदक्षिणा. देवाला आपण सर्व बाजूंनी फिरून पाहतो. किल्ली लावण्यापूर्वी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालावी. चार टायर, सर्व दिवे, खाली पडलेला तेलाचा डाग, मागे खेळणारे लहान मूल, सारे अर्ध्या मिनिटात दृष्टीस पडते. महिन्यातून एकदा डिकी उघडून स्टेपनीतील हवाही पाहावी. संकटाच्या वेळी तीच निःश्वास टाकून बसलेली आढळते.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या खंडेनवमीला हार अवश्य घाला. फक्त तो जाळी आणि नंबरपट्टी झाकणार नाही असा घाला, आणि चार दिवसांनी सुकला की काढून टाका. पण हार घालण्यापूर्वी एकदा खाली वाका. जे टायर उद्या आपल्या माणसांचा भार वाहणार आहेत, त्यांच्या खाचांत बोट घालून पाहा. या रस्त्यावर आपण एकटे नाही. आपल्या गाडीचे ब्रेक हे समोरून रस्ता ओलांडणाऱ्या, आपणास कधीही न भेटलेल्या वृद्धाचेही क्षेम आहेत. योग आपल्या घरापुरता असतो, क्षेम मात्र सर्वांचे असते. दसऱ्याला आपट्याची पाने देऊन आपण ज्यांना सोन्यासारखे राहा म्हणतो, ते सुखरूप राहावेत यासाठी घरातून निघतानाची ही पाहणी करणे, हेच या सणाचे खरे शस्त्रपूजन होय.